निनावी पेजवर आपल्या मुलाचं नाव आलं तर: ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांसाठी

नववी-दहावीच्या वर्गाचं एखादं ‘कन्फेशन पेज’ इन्स्टाग्रामवर असणं आता ठाणे-वाशीकडे नवलाचं राहिलेलं नाही. शाळेच्या नावाची आद्याक्षरं, पुढे ‘कन्फेशन्स’, प्रोफाइलला शाळेचं बोधचिन्ह आणि बायोमध्ये एक लिंक: इथे काहीही लिहा, नाव कळणार नाही. सुरुवात साधी असते. कोणाला कोण आवडतं, कोणत्या सरांच्या तासाला झोप येते. मग एक दिवस त्याच पेजवर एखाद्या मुलीचा गॅदरिंगमधला फोटो कापून लावलेला असतो. खाली तिच्या रंगावरून, अंगावरून तीन ओळी आणि त्याखाली वर्गातल्याच पोरांच्या हसऱ्या इमोजींची रांग.

मी शाळेत समुपदेशनाचं काम करते. अशी प्रकरणं माझ्यापर्यंत येतात तेव्हा बरंचसं नुकसान आधीच झालेलं असतं, आणि त्यातलं बरंच पहिल्या संध्याकाळी घरातच झालेलं असतं. रागाच्या भरात फोन काढून घेतला जातो, घाण नजरेसमोर नको म्हणून सगळं डिलीट होतं आणि सोसायटीच्या ग्रुपवर कोणाचं तरी नाव घेऊन टाकलं जातं. या तिन्ही गोष्टी त्रास देणाऱ्याच्या पथ्यावर पडतात. म्हणून खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने घ्या.

आधी समजून घ्या: निनावी म्हणजे कोणापासून?

निनावी अकाउंट तुमच्यापासून आणि वर्गापासून लपलेलं असतं. कंपनीकडे मात्र अकाउंट उघडताना दिलेला ईमेल किंवा मोबाइल नंबर, फोनची माहिती आणि लॉगिनच्या वेळचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, असतो. पोलीस नोटीस पाठवून ही माहिती मागवतात, मग तो आयपी पत्ता त्या क्षणी कोणाच्या कनेक्शनवर होता हे मोबाइल किंवा इंटरनेट कंपनीला विचारतात. मोबाइल डेटावर एकच आयपी एका वेळी अनेक ग्राहक वापरत असतात. त्यामुळे ‘गेल्या आठवड्यात कधीतरी’ या माहितीचा फारसा उपयोग नसतो, नेमकी वेळ लागते. दुसरी गोष्ट मुदतीची. २०२१ च्या आयटी नियमांनुसार काढून टाकलेला मजकूर आणि बंद झालेल्या खात्याची नोंदणीची माहिती कंपनीने १८० दिवस जपून ठेवायची असते. पेज रातोरात गायब झालं म्हणजे माग संपला, असं नाही. पण ‘परीक्षा होऊ दे, मग बघू’ म्हणत सहा महिने घालवले तर तो खरंच संपू शकतो.

हा प्रकार आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत यिक याक नावाच्या निनावी ॲपवर इतक्या धमक्या आणि छळ सुरू झाला, की २०१४ मध्ये कंपनीला तिथल्या शाळांच्या परिसरात ते बंद ठेवावं लागलं. सराहा ॲप २०१८ मध्ये ॲपल आणि गूगलच्या स्टोअरवरून गेलं. मुलांच्या स्टोरीत ‘मला निनावी मेसेज पाठवा’ अशी लिंक दिसते ती बऱ्याचदा एनजीएल या ॲपची असते. या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये कारवाई केली. आरोप असे होते, की कंपनी स्वतःच खोटे निनावी मेसेज पाठवून मुलांची उत्सुकता चाळवत होती आणि मेसेज कोणाचा याचे ‘संकेत’ पैसे घेऊन विकत होती, तेही बिनकामाचे. प्रकरण ५० लाख डॉलरवर मिटलं आणि अठरा वर्षांखालच्यांना हे ॲप देण्यावर बंदी आली. तेव्हा ‘पाठवणाऱ्याचं नाव शोधून देतो’ म्हणणाऱ्या कोणत्याही ॲपला एक रुपयाही देऊ नका.

पहिली पायरी: फोन मुलाकडेच राहू द्या

मुलं घरी सांगत नाहीत याचं मला वारंवार ऐकू येणारं कारण एकच: ‘फोन जाईल.’ छळ सहन होतो, पण मित्रांशी संबंध तुटणं सहन होत नाही. ‘तू काय केलं होतंस?’, ‘असे फोटो काढतेसच कशाला?’ हे प्रश्न पहिल्या रात्री तोंडातून येऊच देऊ नका. एवढंच म्हणा: “बरं झालं सांगितलंस. फोन तुझ्याकडेच राहील. काय करायचं ते आपण मिळून ठरवू.”

मग एक नेमका प्रश्न विचारा: दिवसातली कोणती वेळ सगळ्यात अवघड जाते? मूल ‘शाळा’ म्हणत नाही. ते सांगतं स्कूल बसमधली मागची सीट, मधली सुट्टी, क्लासबाहेरचा कट्टा किंवा रात्री अकराला फोन उशाशी घेतल्यानंतरचा अर्धा तास. उत्तर मिळालं की उपाय छोटा आणि करता येण्यासारखा होतो. बसऐवजी चार दिवस बाबा सोडतील, मधल्या सुट्टीत लायब्ररीत बसायची परवानगी मागू, रात्री फोन हॉलमध्ये सगळ्यांच्या फोनशेजारी राहील, फक्त तिचा एकटीचा नाही.

मूल जेवत नसेल, झोपत नसेल, ‘मी नसतो तर बरं’ असं काही बोलत असेल, तर बाकीच्या पायऱ्या बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, विनाशुल्क आहे आणि मराठीतूनही बोलता येतं. अंगावर बेतलं असेल तर थेट ११२. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेत मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक दोन्ही भेटतात. तिथे जाणं म्हणजे मुलाच्या कपाळी शिक्का बसणं नव्हे.

दुसरी पायरी: पुरावा, त्याच रात्री

इथे घाई करा, पण नीट करा. मला दाखवले जाणारे बहुतेक स्क्रीनशॉट निरुपयोगी असतात, कारण त्यात फक्त घाणेरडा मजकूर असतो. तो कोणाच्या अकाउंटवर आहे हेच दिसत नाही. स्क्रीनशॉटमध्ये अकाउंटचं हँडल दिसलं पाहिजे. वर ठळक दिसणारं नाव कोणीही कधीही बदलतं, त्यावर विसंबू नका. हँडल हाताने लिहूनही घ्या, एकेक अक्षर पाहून. खोटी अकाउंट बनवणारी मुलं ओ या इंग्रजी अक्षराच्या जागी शून्य घालतात, एका खालच्या आडव्या रेघेच्या दोन करतात. तेवढ्या फरकाने तक्रार भलत्याच मुलाच्या नावावर जाते.

त्यानंतर पोस्टची लिंक कॉपी करून स्वतःलाच पाठवून ठेवा. हँडल बदललं की प्रोफाइलची लिंक मोडते, पोस्टची लिंक मात्र पोस्ट असेपर्यंत चालते. इन्स्टाग्राम ‘२ तासांपूर्वी’ असं मोघम दाखवतं, म्हणून घड्याळ बघून वेळ टिपा. एका वहीत अशी नोंद पुरते:

“मंगळवार १२ ऑगस्ट, रात्री ९.४२. पेजचं हँडल (अक्षरशः लिहिलेलं). मुलीचा गॅदरिंगचा फोटो, खाली तीन ओळी. कमेंट करणाऱ्या पाच जणांची हँडल्स. लिंक सेव्ह केली. पाहिलं आईने, आईच्या फोनवर.”

स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट काढला की समोरच्याला कळतं, त्यामुळे दुसऱ्या फोनने त्या स्क्रीनचा फोटो घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवरचा प्रकार असेल तर ‘एक्सपोर्ट चॅट’ करून ठेवा आणि पुरावा हाती येईपर्यंत मुलाला ग्रुप सोडायला लावू नका. ज्या फोनवर मेसेज आले तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. प्रकरण कोर्टात गेलं तर नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, तेव्हा मूळ उपकरणाला फार महत्त्व असतं.

एक अपवाद आहे, आणि तो काटेकोर पाळा. फोटो किंवा व्हिडिओ अल्पवयीन मुलाचा आणि नग्न किंवा अर्धनग्न असेल, एआयने बनवलेला असला तरी, तर त्याचा स्क्रीनशॉट काढू नका, सेव्ह करू नका आणि ‘बघा काय चाललंय’ म्हणून दुसऱ्या पालकाला पाठवू नका. अशी सामग्री जवळ ठेवणं पॉक्सो या बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याच्या कलम १५ खाली आणि पसरवणं आयटी कायद्याच्या ६७बी खाली गुन्हा ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये याबाबतची भूमिका आणखी कडक केली आहे. हँडल, लिंक आणि वेळ एवढंच लिहा. जिथे आलं तिथेच राहू द्या आणि पोलिसांना फोन दाखवा.

या प्रकारच्या फोटोंसाठी एक सोय फारशा पालकांना ठाऊक नसते. अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा. मूळ फोटो मुलाच्याच फोनमध्ये असेल तर ती तिथल्या तिथे त्याचा एक डिजिटल ठसा बनवते. फोटो कुठेही अपलोड होत नाही, फक्त ठसा जातो आणि सहभागी असलेल्या इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या कंपन्या त्यावरून तो फोटो शोधून काढून टाकतात. नाव सांगावं लागत नाही. व्हॉट्सॲपच्या खाजगी चॅटवर मात्र याचा उपयोग होत नाही.

तिसरी पायरी: रिपोर्ट, मग ब्लॉक

क्रम उलटा करू नका. आधी ब्लॉक केलं तर पुढच्या पोस्ट तुम्हाला दिसणार नाहीत आणि वर्गाला दिसत राहतील. इन्स्टाग्रामवर रिपोर्ट करणाऱ्याचं नाव समोरच्याला कळत नाही, हे मुलाला सांगा, ती भीती मोठी असते. अख्ख्या पेजसोबत प्रत्येक पोस्ट वेगळी रिपोर्ट करा आणि कारण नेमकं निवडा: तोतयेगिरी, छळ, खाजगी फोटो. नग्न चित्रं, मॉर्फ केलेले फोटो आणि तोतया अकाउंट यांची तक्रार आल्यावर ते हटवायला आयटी नियमांत कंपन्यांना २०२१ साली २४ तासांची मुदत घालून दिली. तेव्हा अशा प्रकरणात ॲपमधल्या रिपोर्टसोबत कंपनीच्या भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडेही तक्रार करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा.

ब्लॉक करताना ‘या व्यक्तीची नवी अकाउंटही ब्लॉक करा’ हा पर्याय निवडा. समोरचा रोज वर्गात भेटणारा असेल आणि ब्लॉक केल्याने भडका उडेल असं वाटत असेल, तर ‘रिस्ट्रिक्ट’ बरं. त्याच्या कमेंट त्याच्याशिवाय कोणाला दिसत नाहीत आणि हे त्याला कळतही नाही.

उत्तर देऊ नका. मुलाच्या मित्रांनाही ‘त्याला रोस्ट करा’ म्हणून कामाला लावू नका. पेज चालवणाऱ्याला तीच गर्दी हवी असते.

नाव शोधायच्या मागे लागू नका

हा मोह सगळ्यात मोठा. ‘असं लिहिणारा तोच, मला माहीत आहे.’ मे २०२० मध्ये दिल्लीत शाळकरी मुलांच्या इन्स्टाग्राम ग्रुपचं प्रकरण देशभर गाजलं. त्याच सुमारास एका स्नॅपचॅट संभाषणात मुलीवर अत्याचार करण्याची भाषा करणारा ‘मुलगा’ फिरत होता. तपासात निघालं, की ते खोटं अकाउंट एका मुलीनेच बनवलेलं होतं. ज्यांनी तोवर मुलांची नावं जाहीर केली होती, त्यांना ते शब्द परत घेता आले नाहीत.

सोसायटीच्या ग्रुपवर संशयिताचं नाव लिहिलंत तर बदनामीची तक्रार तुमच्यावरच येऊ शकते. शिवाय लैंगिक गुन्ह्यातल्या पीडित मुलाची आणि गुन्ह्यात सापडलेल्या मुलाची, दोघांचीही ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे. संशय असेल तर कारणासह वहीत लिहा आणि पोलिसांना द्या.

चौथी पायरी: शाळा

तोंडी सांगून येऊ नका. मुख्याध्यापकांच्या नावे एक पानी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. अर्जात मागणी ठोस असू द्या: शाळेचं नाव आणि बोधचिन्ह वापरणाऱ्या पेजविरुद्ध शाळेनेही रिपोर्ट करावा, मुलाची बसण्याची जागा किंवा बस तात्पुरती बदलावी, कोणत्या शिक्षकांकडे मुलाने जायचं ते एक नाव ठरवून द्यावं. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर या विषयावर भाषण करू नये, हेही लिहा. नाव न घेता केलेल्या भाषणातही सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळतात.

राज्यात शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमण्याचा शासन निर्णय २०२२ पासून आहे. बदलापूरच्या २०२४ मधल्या घटनेनंतर तिची चर्चा आपल्या जिल्ह्यात बरीच झाली. तुमच्या शाळेच्या समितीत कोण आहे हे विचारा आणि अर्जाची प्रत समितीलाही द्या. ‘हे शाळेबाहेर, मोबाइलवर झालंय’ असं उत्तर मिळालं, तर शांतपणे सांगा की कमेंट करणारे सगळे याच वर्गात बसतात. मजकूर लैंगिक स्वरूपाचा असेल तर शाळेला हात झटकताच येत नाहीत. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे माहिती मिळालेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि संस्थेच्या प्रमुखाने न कळवल्यास शिक्षा आहे.

पाचवी पायरी: पोलीस केव्हा आणि कुठे

प्रत्येक वाईट बोलणं गुन्हा नसतो. आयटी कायद्याचं ६६ए हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केलं, त्यामुळे ‘ऑनलाइन अपमान केला’ एवढ्यावर आता ते लागत नाही. टोपणनावं, चिडवणं, ‘हिचे मार्क बघा’ हे शाळेत सुटायला हवं. पण पुढच्यापैकी काहीही असेल तर थांबू नका: मुलाच्या नावाने खोटं अकाउंट, धमकी, पैशांची किंवा फोटोंची मागणी, लैंगिक मजकूर, पत्ता किंवा नंबर जाहीर करणं, नको म्हटल्यावरही मुलीच्या मागे मागे राहणं. तोतयेगिरीला आयटी कायद्याची ६६सी आणि ६६डी कलमं, खाजगी अंगांच्या फोटोला ६६ई, पाठलागाला भारतीय न्याय संहितेचं ७८. ओळख लपवून दिलेल्या धमकीसाठी तर संहितेच्या ३५१ व्या कलमात जादा शिक्षेची वेगळी तरतूद आहे.

ऑनलाइन तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या केंद्र सरकारच्या पोर्टलवर होते. महिला आणि बालकांविषयीच्या विभागात नाव न देताही तक्रार करता येते, पण तिचा पुढे मागोवा घेता येत नाही. म्हणून शक्य असेल तर नाव देऊनच करा. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. मुलाला स्वतःला बोलायचं असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

हद्दीचा घोळ आपल्या भागात हमखास होतो. घर ऐरोलीत म्हणजे नवी मुंबई पोलीस आयुक्तालय, शाळा ठाण्यात म्हणजे ठाणे आयुक्तालय, आणि क्लास तिसरीकडेच. ‘आमच्याकडे येत नाही’ असं ऐकावं लागलं तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायची विनंती करा. दखलपात्र गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, मग तो योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. दोन्ही आयुक्तालयांत स्वतंत्र सायबर पोलीस ठाणं आहे, आणि महाराष्ट्र सायबरचं मुख्यालय महापेला आहे. पण सुरुवात घराजवळच्या ठाण्यातून करायला काहीच हरकत नाही. तिथल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांना भेटायचं आहे असं सांगा, प्रत्येक ठाण्यात असा अधिकारी नेमलेला असतो. प्रकरण पॉक्सोचं असेल तर मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, गणवेश न घालता आणि शक्यतो महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. मुलाला ठाण्यात तासन् तास बाकावर बसवायची गरज नाही.

पेज आपल्याच घरातून चालत असेल तर

हा फोनही येतो, आणि तो करणाऱ्या आईचा आवाज जास्त थरथरत असतो. तिचा पहिला प्रश्न असतो, ‘डिलीट करून टाकू का?’ पोस्ट आधी दिसेनाशा करा, म्हणजे त्रास थांबेल, पण अकाउंट उडवू नका, फोन रीसेट करू नका. तक्रार झालेली असेल तर तो पुरावा नष्ट करण्याचा प्रकार ठरतो. वकिलाचा सल्ला घ्या आणि शाळेत स्वतःहून जा. अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. त्याचा भर समुपदेशन, समज देणं, सुधारणा यांवर असतो. पोलीस येण्याआधी घरातून आलेली कबुली सगळ्यांनाच सोपी जाते.

मुलाशी बोलताना पासवर्ड आणखी कोणाकडे आहे हे विचारा. अशी पेजं अनेकदा दोघं-तिघं मिळून चालवतात, एकाने सोडलं तरी दुसरा चालू ठेवतो. कोणी मजकूर पाठवला, कोणी फोटो दिले हे तो सांगेल, लिहून घ्या. आणि माफी मागायला मुलाला घेऊन थेट त्या मुलीच्या दारात जाऊ नका. तिला ती माफी हवी आहे का, समोर हवी की लिहून, हे आधी शाळेच्या समुपदेशकांमार्फत तिलाच विचारू द्या. ती नको म्हणाली तर विषय तिथेच थांबवा.